किडनीचा आजार गावाचा की रक्ताचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका डायलिसिस केंद्रात रुग्णांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. उपचार डॉक्टर करतात, माझ्या वाट्याला बाकावर बसून विचारलेले प्रश्न येतात. "आता पोरांचं काय?" हा त्यातला पहिला. माणसं गावी परतली की तिथून फोनवर आणखी दहा प्रश्न येतात, पाहुण्यांचे, शेजाऱ्यांचे. जे पुन्हा पुन्हा आले ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे ठेवले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, त्या ठिकाणी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ठरावीक भागातच होणारा किडनीचा आजार म्हणजे काय? किडनी तर कुठेही खराब होते.

होते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांची किडनी मधुमेहानं किंवा वर्षानुवर्षं अंगावर काढलेल्या रक्तदाबानं गेलेली असते, आणि त्याला गाव-प्रांत लागत नाही.

पण जगात काही टापू असे आहेत की तिथे मधुमेह नाही, रक्तदाब नाही, मुतखडा नाही, तरी शेतात राबणारी माणसं ऐन कर्त्या वयात डायलिसिसवर येतात. श्रीलंकेत अनुराधपुरा आणि आसपासचा उत्तर-मध्य प्रांत, आंध्रात श्रीकाकुळम जिल्ह्यातलं उद्दानम, मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोरचा ऊसपट्टा. या तिन्हींच्या कितीतरी आधीपासून माहीत असलेला चौथा टापू म्हणजे आग्नेय युरोपात डॅन्यूबच्या उपनद्यांकाठची बाल्कन गावं. पहिल्या तिघांच्या आजाराला डॉक्टर 'सीकेडीयू' म्हणतात. त्यातलं 'सीकेडी' म्हणजे दीर्घकालीन किडनी विकार आणि शेवटचा 'यू' म्हणजे कारण न सापडलेला. बाल्कनचं कारण मात्र सापडलं आहे (प्रश्न ४).

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. इजा आधी होते ती किडनीच्या बारीक नळ्यांना आणि त्यांच्या भोवतालच्या भागाला. रक्त गाळणाऱ्या जाळ्यांची पाळी नंतर येते. म्हणून सुरुवातीला लघवीला फेस नसतो, पायावर सूज नसते, रक्तदाबही वाढलेला नसतो. माणूस हिंडता-फिरता असतो आणि एक दिवस क्रिएटिनीन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, ६ निघतं.

२. 'आनुवंशिक आजार' आणि 'जनुकीय कल' यात फरक काय? दोन्ही आईबापाकडूनच येतात ना?

येतात आईबापाकडूनच, पण दोन्हींचं वागणं वेगळं.

आनुवंशिक आजारात एकच जनुक बिघडलेलं असतं आणि आजार व्हायला तेवढं पुरतं. किडनीत पाण्याच्या गाठी होणारा पॉलिसिस्टिक आजार घ्या. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असला तर प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी. मूल पुण्यात वाढो की पॅरिसमध्ये, हिशोब बदलत नाही.

जनुकीय कल म्हणजे वाळलेली कडब्याची गंजी. ठिणगी पडली नाही तर गंजी वर्षानुवर्षं तशीच उभी राहते. ठिणगी म्हणजे एखादं विष, रोजचं ऊन, कमी पाणी, वेदनाशामक गोळ्या, एखादा संसर्ग. ओल्या गंजीवर पडलेली ठिणगी विझून जाते, वाळलेल्या गंजीवर पडली तर रान पेटतं. ठरावीक टापूतल्या किडनीच्या आजारांमध्ये जनुकांचा वाटा बहुतेक वेळा असा, गंजीइतका असतो.

जागा आणि रक्त खरोखर एक झाल्याचंही उदाहरण आहे, आणि ते फिनलंडचं. तिथे जन्मतःच लघवीतून भरमसाट प्रथिनं जाणारा एक आजार इतर देशांपेक्षा खूपच जास्त दिसतो. कारण जुन्या काळी थोड्याच कुटुंबांपासून लोकसंख्या वाढली आणि त्यांच्यातला एक जनुकीय दोष पिढ्यान् पिढ्या पसरला. तिथे माती-पाण्याचा काही संबंध नाही. त्यामुळे 'एकाच भागात होतो' एवढ्यावरून काहीच ठरत नाही, ना पाण्याकडे बोट दाखवता येतं ना रक्ताकडे.

३. आमच्या घरात तिघांना झाला. मग तो आनुवंशिकच म्हणायचा ना?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर द्यायच्या आधी मी कागद मागते.

गेल्या उन्हाळ्यात मराठवाड्यातून एक तरुण आला होता. मांडीवर रिपोर्टांनी फुगलेली पिशवी. वडील आमच्याकडे डायलिसिसवर, थोरला चुलता आणि काकू याच आजारानं आधीच गेलेले. "ताई, आमच्या रक्तातच आहे हे," तो सारखं म्हणत होता. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून मी त्याच्या घराचा वंशवृक्ष काढायला घेतला. पुरुष चौकोनात, बाई गोलात, आजार असेल तो आकार काळा. तीन आकार काळे झाले आणि पेन थांबलं. चौकोन दोन, गोल एक. तो गोल काकूचा, आणि काकू दुसऱ्या तालुक्यातून लग्न होऊन आलेली. तिचं आणि या दोघा भावांचं रक्ताचं नातंच नाही. मग सख्ख्या आत्याचं विचारलं. ती सोळाव्या वर्षी लग्न होऊन कोकणात गेली, आज सत्तरीत आहे, ठणठणीत. पोरगा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. आजारी पडलेले तिघं एकाच रानात राबलेले, एकाच विहिरीचं पाणी प्यायलेले आणि कंबरदुखीसाठी दुकानातून सुट्या गोळ्या आणून वर्षानुवर्षं खाल्लेले.

घर नुसतं रक्त वाटून घेत नाही. ते पाणी वाटून घेतं, पीठ वाटून घेतं, दुपारचं ऊन आणि फडताळातला गोळ्यांचा डबाही वाटून घेतं. बाल्कन देशांतल्या डॉक्टरांना हेच कोडं पडलं होतं. आजार ठरावीक घरांमध्येच दिसायचा, म्हणून अनेकांनी तो वंशपरंपरेचा मानला. पण त्या घरांत लग्न होऊन आलेल्या सुना आजारी पडत होत्या, बाहेरून येऊन गावात स्थायिक झालेले लोक पंधरा-वीस वर्षांनी आजारी पडत होते, आणि लहानपणीच गाव सोडून गेलेली पोरं सुटत होती.

तुमचा कागद काढाल तेव्हा चार गोष्टी विचारा. सुनांना झालाय का? गाव सोडून गेलेल्या सख्ख्या भावंडांना झालाय का? प्रत्येक पिढीत साधारण निम्म्या मुलांना दिसतो का? आणि कुणाला लहान वयात बहिरेपण, डोळ्यांचा त्रास किंवा विशी-तिशीतच गाऊट (सांधे सुजून दुखणं) होता का? पहिलीचं उत्तर 'हो' असेल तर रानाकडे आणि स्वयंपाकघराकडे बघा. शेवटच्या तीनपैकी कशाचंही 'हो' आलं तर जनुकाकडे बघायला सबळ कारण आहे (प्रश्न १२).

४. बाल्कन देशांतल्या आजाराचं कारण शेवटी काय निघालं? आणि आम्हाला त्याचं काय?

बल्गेरिया आणि तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या डॉक्टरांनी या आजाराची वर्णनं १९५० च्या दशकात लिहायला सुरुवात केली. आजार सावकाश वाढायचा, पन्नाशी-साठीत किडन्या आक्रसून जायच्या आणि अनेकांना मूत्रमार्गाच्या वरच्या भागाचा कॅन्सरही व्हायचा. एक गाव बाधित तर दोन-चार किलोमीटरवरचं शेजारचं गाव स्वच्छ. शिसं, विषाणू, कोळशाच्या थरांतून झिरपणारं पाणी, धान्यावरच्या बुरशीचं विष, सगळ्यांवर आळीपाळीनं संशय घेतला गेला.

१९६९ साली इविच नावाच्या संशोधकानं गव्हाच्या शेतातल्या एका तणाकडे बोट दाखवलं. ॲरिस्टोलोकिया क्लेमॅटायटिस हे त्या तणाचं नाव. कापणीत त्याच्या बिया गव्हात मिसळायच्या, दळल्या जायच्या आणि घरच्या पावात उतरायच्या. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे १९९३ साली बेल्जियममधून वेगळीच बातमी आली. वजन कमी करण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधींच्या गोळ्यांनी तरुण बायकांच्या किडन्या झपाट्यानं निकामी झाल्या होत्या. गोळ्यांमध्ये एका वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकियाची जात गेली होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या किडन्या बाल्कनच्या किडन्यांसारख्या दिसत होत्या. २००७ साली ग्रोलमन आणि सहकाऱ्यांनी बाल्कनच्या रुग्णांच्या किडनीतल्या डीएनएला चिकटलेले ॲरिस्टोलोकिक आम्लाचे अंश दाखवले, आणि कॅन्सरच्या गाठींमध्ये या विषाची ओळखीची खूणही. कारण सापडायला पन्नास वर्षं लागली.

आपल्याला त्याचं काय, तर खूप काही. याच कुळातली सापसंद आणि किडामारी आपल्याकडे उगवतात आणि गावठी औषधांत वापरल्या जातात, सर्पदंशापासून जंतांपर्यंत. हे आम्ल माणसात कॅन्सर करतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मान्य केलं आहे. औषध बंद केल्यावरही किडनीची घसरण चालू राहू शकते आणि कॅन्सर कित्येक वर्षांनी उगवू शकतो. माझं आयुर्वेदाशी वैर नाही. नोंदणीकृत वैद्याकडून, घटक छापलेलं, कंपनीचं नाव असलेलं औषध घ्या आणि किडनीच्या डॉक्टरांना ते दाखवा. पण लेबल नसलेल्या बाटलीतला काढा आणि कागदाच्या पुडीतली पूड, कुणीही कितीही प्रेमानं दिली तरी, घेऊ नका. ज्यांच्या घरात किडनीचा आजार आहे त्यांनी तर नाहीच.

५. तोच पाव सगळ्या गावानं खाल्ला, मग थोड्यांनाच का झाला?

जनुकीय कलाचा प्रश्न खऱ्या अर्थानं इथे सुरू होतो. बेल्जियममध्येही त्याच गोळ्या घेतलेल्या बहुतेक बायकांच्या किडन्या शाबूत राहिल्या.

पहिलं कारण मात्रा. कुणी जास्त खाल्लं, कुणी जास्त वर्षं खाल्लं. पण तेवढ्यानं सगळा फरक भरून निघत नाही. विष रक्तातून किडनीच्या नळीत ओढून घेणारी वाहक प्रथिनं असतात. आत गेल्यावर त्याला जास्त घातक रूप देणारी काही विकरं असतात आणि ते निकामी करून बाहेर काढणारीही काही असतात. शिवाय डीएनएला झालेली इजा दुरुस्त करणारी वेगळी यंत्रणा. या प्रत्येकाचा आराखडा जनुकांत लिहिलेला असतो आणि तो माणसागणिक थोडाथोडा वेगळा असतो. एखाद्याचं शरीर विष झटकन हाताळतं, दुसऱ्याच्या नळीत तेच साचून राहतं. एकाच हळदीच्या जेवणात सगळे जेवले आणि दोघांचंच पोट बिघडलं, हे आपण पाहिलेलं असतं. तसंच, फक्त वीस वर्षांच्या संथ गतीनं.

यातलं कुठलंही एक जनुक 'गुन्हेगार' नाही. म्हणून कलाची बेरीज सांगणारी, रोजच्या वापरातली रक्तचाचणी नाही.

६. उद्दानम आणि श्रीलंकेच्या आजारात जनुकांचा काही संबंध सापडला आहे का?

श्रीलंकेत सापडला आहे. जपानी आणि श्रीलंकन संशोधकांनी रुग्ण आणि निरोगी लोकांचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले तेव्हा एसएलसी१३ए३ या जनुकातला एक बदल रुग्णांमध्ये जास्त आढळला. हे जनुक किडनीच्या नळीतल्या एका वाहक प्रथिनाचं आहे, म्हणजे प्रश्न ५ मधल्या गोष्टीशी जुळणारं. पण तो बदल असलेली कितीतरी माणसं निरोगी आहेत आणि नसलेलेही आजारी पडतात. संशोधनासाठी तो धागा मोलाचा आहे, तुमच्या मुलाचं भविष्य त्यावरून कुणी सांगू शकत नाही.

उद्दानममध्ये नारळ-काजूच्या बागांचा सुंदर पट्टा आहे, कविटी, सोमपेटा, पलासा, इच्छापुरम अशी गावं. तिथे पाणी, सिलिका, जड धातू, कीटकनाशकं, उष्णता, वेदनाशामक गोळ्या, आनुवंशिकता, सगळ्याचा शोध घेतला गेला आणि एकच एक दोषी ठरलेला नाही. पलासाजवळ सरकारनं किडनी संशोधन केंद्र आणि रुग्णालय उभारलं, गावांना नदीचं पाणी नळानं द्यायची योजना केली. कारण सिद्ध होईपर्यंत थांबायचं नाही, हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो.

७. अमेरिकेतल्या भावानं 'एपीओएल१' चाचणी करायला सांगितली आहे. पुण्यात करून घेऊ का?

नको. एपीओएल१ या जनुकाचे धोक्याचे दोन प्रकार २०१० साली ओळखले गेले आणि ते पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये आढळतात. ते टिकून राहिले कारण त्से-त्से माशीमुळे होणाऱ्या निद्रारोगापासून ते संरक्षण देतात. ज्यानं एका रोगापासून वाचवलं त्यानंच किडनी नाजूक केली. तरीही, आई आणि वडील दोघांकडूनही धोक्याचा प्रकार आलेल्यांपैकी बहुतेकांना किडनीचा आजार होत नाही, एचआयव्हीसारखा दुसरा घाव लागतो. कल म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही.

पण आपल्या लोकांत हे प्रकार जवळपास नाहीतच. एका प्रयोगशाळेनं 'किडनी जीन पॅकेज' म्हणून हीच चाचणी ठळक छापून विकली होती. एका काकांनी 'निगेटिव्ह' वाचलं, हायसं वाटून वर्षभर काहीच तपासलं नाही, आणि आमच्याकडे आले तेव्हा क्रिएटिनीन ४ च्या पुढे होतं. त्यांना आधीच्या वर्षी साधी रक्त-लघवी तपासणी मिळाली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

८. महाराष्ट्रात असा एखादा पट्टा आहे का?

लोक पहिलं नाव घेतात ते विदर्भातल्या खारपाणपट्ट्याचं. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे आणि किडनीच्या आजारांची तक्रार तिथून वर्षानुवर्षं येते. ती तक्रार खरी माणसं करतात, तिला 'अफवा' म्हणून झटकू नये. पण तिथल्या रुग्णांमध्ये मधुमेह, मुतखडे, रक्तदाब आणि कारण न सापडलेले अशी सरमिसळ असते. खारं पाणी हेच एकमेव कारण असं सिद्ध झालेलं नाही. तुम्ही त्या भागातून पुण्यात आला असाल तर प्रश्न ११ मधल्या तपासण्या वर्षातून एकदा करा, एवढं पुरेसं आहे.

९. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं जड पाणी येतं. त्यानं किडनी जाते का?

जड पाण्यानं बादलीला पांढरे थर येतात, केस राठ होतात, डाळ शिजत नाही. निरोगी माणसाची किडनी नुसत्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं निकामी होते असं दिसलेलं नाही. बोअरचं पाणी प्यायला वापरत असाल तर फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतूंची तपासणी करून घ्या. मुतखडा झालेल्यांनी डॉक्टरांना विचारून पाणी भरपूर प्यावं. बाकी भीतीचं कारण नाही.

१०. आम्ही ऊसतोडीला जातो. नवरा-बायको दोघंही. आम्हाला धोका आहे का?

दिवाळीच्या आसपास बीडकडून निघालेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मार्च-एप्रिलपर्यंत फडात असतो. पहाटे थंडी, दुपारी कडक ऊन, पाणी दूर, लघवीला आडोसा नाही म्हणून बायका पाणी कमीच पितात. उचल फेडायची म्हणून आजारपणातही काम, आणि अंग दुखलं की गोळी. निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या ऊसतोड कामगारांमध्ये किडनीचा आजार पसरला तेव्हा संशोधकांचं पहिलं बोट नेमकं याच गोष्टींकडे गेलं: उष्णतेत जड कष्ट आणि पुन्हा पुन्हा पाणी कमी पडणं. तिथे काही ठिकाणी 'पाणी, विश्रांती, सावली' असा साधा कार्यक्रम राबवला गेला.

तुमच्यात कुणाचा जनुकीय कल जास्त आहे हे आज कुणी सांगू शकणार नाही, आणि सांगितलं तरी करायचं तेच आहे. दर अर्ध्या-पाऊण तासानं पाणी. दुपारी बारा ते तीन सावलीत. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमसुलाइड अशा गोळ्या उन्हाच्या दिवसांत स्वतःच्या मनानं अजिबात नाही. टोळीच्या मुकादमाला हे वाचून दाखवा. पुण्यात स्लॅबवर, रस्त्याच्या डांबरावर काम करणाऱ्यांनाही अक्षरशः हेच लागू.

११. आम्हाला भीती वाटते आहे. सुरुवात कुठल्या तपासणीनं करायची?

साध्या तपासणीनं. रक्तातलं क्रिएटिनीन आणि त्यावरून काढलेला ई-जीएफआर, म्हणजे किडनी किती रक्त गाळते याचा अंदाज. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर, ज्याला लॅबवाले एसीआर म्हणतात. रक्तदाब आणि साखर. एकदा पोटाची सोनोग्राफी.

काही गोष्टी लोकांना कुणी सांगत नाही. क्रिएटिनीन 'नॉर्मल' असूनही किडनीचं बरंच काम गेलेलं असू शकतं, विशेषतः बारीक अंगकाठीच्या माणसात. म्हणून ई-जीएफआर मागून घ्या. या टापूंतल्या आजारात लघवी स्वच्छ येऊ शकते (कारण प्रश्न १ मध्ये आहे), त्यामुळे नुसती लघवीची पट्टी बघून निर्धास्त होऊ नका. दिवसभर उन्हात राबून लगेच रक्त देऊ नका, तात्पुरतं वाढलेलं क्रिएटिनीन घाबरवतं. आणि एका रिपोर्टावर आजाराचा शिक्का मारू नका: ई-जीएफआर ६० च्या खाली किंवा एसीआर ३० च्या वर, असं तीन महिन्यांहून जास्त राहिलं तर तो दीर्घकालीन किडनी विकार. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात या तपासण्या होतात.

१२. मग जनुकीय चाचणी कुणी करावी?

घरात एकाच जनुकाचा आजार असल्याची चिन्हं असतील त्यांनी (प्रश्न ३ चा शेवट). लहान वयात किडनी गेली असेल आणि कारणच सापडत नसेल त्यांनी. बायोप्सीतून निदान झालं नसेल आणि उत्तरानं उपचार बदलणार असेल त्यांनी. आणि किडनी देऊ पाहणाऱ्या काही नातेवाइकांनी (प्रश्न १५).

चाचणी शक्यतो आधी आजारी माणसाची करावी. त्याच्यात दोष सापडला तर निरोगी भावंडांमध्ये नेमकं काय शोधायचं ते कळतं. उलट क्रमानं केली तर 'काही नाही सापडलं' याचा अर्थच लागत नाही. चाचणीआधी आणि नंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलणं हा चाचणीचाच भाग समजा.

१३. रिपोर्टमध्ये 'अनिश्चित महत्त्वाचा बदल' असं लिहून आलं आहे. म्हणजे आजार आहे का?

नाही. तुमच्या जनुकात एक अक्षर बदललेलं आहे आणि ते निरुपद्रवी की घातक हे अजून ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे अशी उत्तरं जास्त येतात, कारण जगातले जुने माहितीसाठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. 'जिनोम इंडिया' प्रकल्पानं १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती गोळा केली आहे, तिचा उपयोग अशाच ठिकाणी होतो. अशा रिपोर्टवरून कुणाचं लग्न मोडू नका, कुणाची शस्त्रक्रिया ठरवू नका. वर्ष-दोन वर्षांनी तोच रिपोर्ट पुन्हा तपासायला सांगा.

१४. माझं जन्मवेळचं वजन दोन किलोच्या आत होतं. याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि जन्मासोबत मिळालेली प्रत्येक गोष्ट जनुकीय नसते हे यातून कळतं. एका किडनीत सरासरी दहा लाख गाळण्या असतात, पण माणसामाणसांत हा आकडा कितीतरी पटींनी बदलतो. त्या आईच्या पोटातच तयार होतात, जन्मानंतर नव्या होत नाहीत. आईची उपासमार झाली, बाळ लहान जन्मलं, तर गाळण्या कमी असू शकतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिक यांनी जिल्ह्यातल्या गावांमध्ये १९९३ पासून गर्भवती आया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. लहान जन्मलेल्या आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त असते, हे त्यांनी दाखवलं. अशा मुलांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त. गाळण्यांची पुंजी कमी आणि वर मधुमेह, असा दुहेरी भार पडू नये म्हणून वजन, साखर आणि रक्तदाब सांभाळा.

१५. भावाला किडनी द्यायची आहे. घरात आजार असताना मी दिली तर चालेल का?

कायद्यानं चालतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात आई-वडील, मुलं, भावंडं आणि जोडीदार हे जवळचे नातेवाईक आहेत, २०११ च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. वैद्यकीय प्रश्न वेगळा: भावाचा आजार कशानं झाला हे कळल्याशिवाय तुमची किडनी काढणं धोक्याचं.

पॉलिसिस्टिक आजाराच्या घरात तरुण भावंडाची सोनोग्राफी स्वच्छ आली तरी पुढे गाठी दिसू शकतात. तिथे जनुकीय चाचणीचा पैसा न् पैसा वसूल होतो, कारण भावातला दोष तुमच्यात नाही हे ती ठामपणे सांगू शकते. कारण न सापडलेल्या आजारात असं ठाम उत्तर नसतं. तिथे दात्याचं वय, ई-जीएफआर आणि तो कुठे राहिला, कशात राबला हे सगळं पाहतात. म्हणून अशा घरात पत्नी दाता असली तरी निश्चिंत होऊ नये. तिचं रक्ताचं नातं नाही, पण वीस वर्षं तेच रान आणि तेच पाणी तिचंही आहे.

घरात योग्य दाता नसेल तर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत रुग्णालयामार्फत नाव नोंदवता येतं. नाव उशिरा घालू नका.

१६. मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय. आमच्या घरात किडनीचा आजार आहे. करावं का?

टापूच्या आजाराचा कल अनेक जनुकांत विखुरलेला असतो, नात्यातल्या लग्नानं तो एकदम भडकत नाही. धोका वेगळ्या आजारांचा आहे: दोन्ही बाजूंनी एकच दोष आला तरच होणारे, बालपणी किडनी निकामी करणारे. नात्यात लग्न झालं तर दोघांनीही तोच दोष एकाच आजी-आजोबांकडून घेतलेला असू शकतो. घरात एखादं मूल लहानपणी किडनीनं गेलं असेल तर आधी समुपदेशकाकडे जा, मुहूर्त नंतर काढा.

१७. माझी बायको श्रीकाकुळमची आहे. मुलं पुण्यातच जन्मली. त्यांना होईल का?

मुलांनी आईकडून कल घेतला असेल, पण उद्दानमचं रान आणि ऊन घेतलेलं नाही. बाल्कनचा अनुभव (प्रश्न ३) त्यांच्या बाजूनं आहे. मुलांना चाचण्यांच्या रांगेत उभं करू नका. बायको लग्नापर्यंत तिथेच वाढली असेल तर तिची मात्र वर्षातून एकदा प्रश्न ११ प्रमाणे तपासणी करा. सुट्टीत आजोळी जायला काहीच हरकत नाही.

१८. जनुकीय रिपोर्टवरून विमा नाकारतात का?

२०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं 'आनुवंशिक आजार' म्हणून सरसकट विमा नाकारणं भेदभावाचं ठरवलं, आणि त्याच वर्षी विमा नियामकानं कंपन्यांना तशा सूचना दिल्या. पण या विषयाचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. पॉलिसी घेताना जे विचारलं आहे त्याचं खरं उत्तर लिहा आणि प्रत जपून ठेवा. डायलिसिससाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि २०१६ पासूनचा पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा.

१९. आई डायलिसिसवर आहे, कारण कुणालाच कळलं नाही. मी २४ वर्षांची आहे. स्थळं येताहेत. मी काय सांगू आणि काय करू?

बाळा, आधी तुझं. या आठवड्यात क्रिएटिनीन, एसीआर आणि रक्तदाब, एकदा सोनोग्राफी. सगळं ठीक आलं तर वर्षातून एकदा तेच. पुढे दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आईचा आजार सांग, म्हणजे रक्तदाब आणि लघवीवर त्या जास्त लक्ष ठेवतील. डोकं दुखलं, पाळीत पोट दुखलं, तर गोळी डॉक्टरांना विचारून घे.

स्थळाला खरं सांग, पण खरं तेवढंच. "आईला किडनीचा आजार आहे, माझ्या तपासण्या झाल्या आहेत, हे रिपोर्ट." 'आमच्या घरात आहे' असं म्हणू नकोस, ते सिद्ध झालेलं नाही. आणि येत्या रविवारी आईजवळ वही घेऊन बस. तिच्या माहेरी कुणाला होतं, सासरी कुणाला होतं, ती लग्नाआधी कुठल्या विहिरीचं पाणी प्यायची, कुठल्या रानात जायची, गुडघ्यासाठी काय घ्यायची, सगळं लिहून घे. आई बोलू शकते आहे तोवरच हे मिळतं. ती वही घेऊन माझ्याकडे ये, आपण मिळून चौकोन आणि गोल काढू.